तोळाभराचा चढ

स्कूटरला पोट असतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की स्कूटर म्हणजे दोन चाकं, एक सीट, एक हॉर्न आणि सीटखाली एक ओलं फडकं. बटण दाबायचं, उजवा कान पिळायचा आणि बँक गाठायची. मधल्या मध्ये, मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला तो जो लांबट डबा असतो, त्यात काय चालतं याची चौकशी मी कधी केली नव्हती. बँकेत तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला बंद डब्याची चौकशी न करण्याची सवय असते. चौकशी केली की तो डबा आपल्याच टेबलावर येतो.

आमच्या वडिलांच्या काळी असं नव्हतं. त्यांची चेतक होती. तिच्यासाठी त्यांनी नंबर लावला होता आणि त्यानंतर लग्न केलं होतं. पण चेतकच्या आधी मी आलो. त्या स्कूटरला चार गिअर होते, आणि ते सगळे वडिलांच्या डाव्या मनगटात होते. चढ आला की ते क्लच दाबून मूठ मुरगाळत, 'खटॅक' असा आवाज होई, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही निश्चय दिसे की तसा मी पुढे फक्त कर्जाचा अर्ज नामंजूर करणाऱ्या मॅनेजरांच्या चेहऱ्यावर पाहिला. गिअर बदलणं हा तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाचा निर्णय होता. मग १९८४ साली कायनेटिक होंडा आली, आणि गिअर नसलेली स्कूटर रस्त्यावर दिसू लागली. वडील म्हणाले, "गिअर नाही म्हणजे काय? मग घाटात करायचं काय?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला. त्याचं उत्तर शोधायला मला चाळीस वर्षं लागली.

माझी गाडी बिनगिअरची. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही. दोष बी.कॉम.चा आहे.

बी.कॉम. माणूस पेट्रोल भरतो तेव्हा नुसतं पेट्रोल भरत नाही, नोंद करतो. बँकेकडून दरवर्षी मिळणाऱ्या डायरीत मी तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये असे चार रकाने आखले आहेत. पाचवा रकाना अ‍ॅव्हरेजचा. गेली पाच वर्षं माझं अ‍ॅव्हरेज ४२ होतं, आणि मी सुखी होतो. एके दिवशी डबा खाताना शेजारच्या काउंटरवरचा कॅशियर म्हणाला, "माझी पन्नास देते."

नोटा मोजणारा माणूस आकड्यात खोटं बोलणार नाही अशी माझी श्रद्धा आहे. त्या दिवसापासून मला ४२ खुपू लागले. (त्याने अ‍ॅव्हरेज कधी मोजलंच नव्हतं, शोरूमवाल्याने सांगितलेला आकडा तो सांगत होता, हे मला नंतर कळलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.)

मी मेकॅनिककडे गेलो. आमचा मेकॅनिक हा साताऱ्यातला एक तत्त्वज्ञ आहे. तो बोलताना गाडीकडे बघतो आणि गाडी दुरुस्त करताना आपल्याकडे बघतो.

"अ‍ॅव्हरेज वाढवायचंय? त्यात काय नाय साहेब. रोलर जड टाकू."

"रोलर कुठे असतात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पासबुक कुठे भरून मिळतं असं बँकेच्या दारात कोणी विचारलं की मी जसं पाहतो, तसं. मग त्याने डबा उघडला, आणि मला स्कूटरचं पोट दिसलं.

आता जे सांगतो ते वाचकांनी घाईत वाचू नये. मला समजायला दोन चहा लागले होते. पोटात एक रबरी पट्टा असतो. तो दोन पुल्यांवर फिरतो. एक पुढे, इंजिनाच्या बाजूला. दुसरी मागे, चाकाच्या बाजूला. प्रत्येक पुली म्हणजे एकमेकींकडे पाठ केलेल्या दोन उतरत्या बशा. पुढच्या बशा जवळ आल्या की मधला पट्टा चेपून वर, म्हणजे कडेकडे सरकतो. त्याच वेळी मागच्या बशा फाकतात आणि पट्टा तिथे आत बसतो. पुढचं चाक मोठं, मागचं लहान, असं झालं की गाडी पळते. उलट झालं की गाडी चढते. वडिलांच्या चेतकमध्ये जे काम चार खटक्यांत होई, ते इथे एकही खटका न होता, लोणी वितळावं तसं होतं.

मग पुढच्या बशा जवळ आणतं कोण? तर रोलर. पुढच्या बशीमागे सहा कप्पे असतात, आणि त्यात सहा गोल गुटगुटीत लाटण्याचे तुकडे बसलेले असतात: आत धातू, वरून नायलॉनचं आवरण. इंजिन फिरू लागलं की हे सहाजण जत्रेतल्या चक्रावर बसलेल्या पोरांसारखे बाहेर फेकले जातात, आणि बाहेर सरकता सरकता बशीला ढकलतात. मागच्या पुलीवर एक दांडगी स्प्रिंग असते. ती उलट बाजूने जोर लावते.

"हिला कॉन्ट्रा स्प्रिंग म्हणत्यात," मेकॅनिक म्हणाला.

हा शब्द ऐकून मला भरून आलं. कॉन्ट्रा! जी नोंद पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना पडते ती कॉन्ट्रा, हे मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी शिकलो होतो आणि बँकेत रोज करत होतो. तीच माझ्या स्कूटरच्या पोटात पाच वर्षं निमूटपणे चालू होती.

ही युक्ती मोटारीत घालून बाजारात आणली ती हॉलंडातल्या व्हान डोर्न नावाच्या गृहस्थांनी. १९५८ साली त्यांच्या 'डाफ' कंपनीची छोटी मोटार आली, तिच्यात असेच पट्टे आणि उघडमीट करणाऱ्या पुल्या होत्या. ती मोटार जेवढ्या वेगाने पुढे जाई तेवढ्याच वेगाने मागेही जाऊ शके, आणि पुढे डच लोकांनी तिच्या उलट्या शर्यतीसुद्धा लावल्या. मला त्याहून गंमत वाटली ती वेगळी. हॉलंड हा देश ताटासारखा सपाट आहे. ज्या गावात चढ नाही त्या गावाने चढावर आपोआप गिअर पाडणारं यंत्र बाजारात आणावं, आणि त्यावर आम्ही साताऱ्याच्या लोकांनी घाट चढावा! असो.

तर माझ्या गाडीचे मूळचे रोलर १३ ग्रॅमचे. मेकॅनिकने १५ ग्रॅमचे टाकले. जड रोलर कमी फेऱ्यांतच बाहेर फेकले जातात, बशी लवकर ढकलतात, पट्टा लवकर कडेला जातो. म्हणजे गाडी लवकर 'टॉप'ला पडते आणि इंजिन संथ फिरतं. संथ फिरलं की पेट्रोल कमी.

पहिला महिना स्वर्गात गेला. गाडीचा आवाज एकदम सभ्य झाला. सिग्नल सुटल्यावर ती जरा विचार करून निघे, पण मीही बँकेत असाच निघतो. पोवई नाक्यावर एकदा एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं. मी त्याला क्षमा केली. महिनाअखेर अ‍ॅव्हरेज आलं ४५. मी हिशेब केला. महिन्याला सहाशे किलोमीटर, म्हणजे जवळपास एक लिटर वाचलं. लिटरला शंभराच्या वर भाव. दरमहा शंभर रुपये निव्वळ नफा! मी कॅशियरला जाऊन सांगितलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. नफा सांगायला माणूस निवडावा लागतो.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरं झालं." एवढंच.

आता यवतेश्वरबद्दल सांगायला हवं. साताऱ्याहून कासच्या पठाराकडे जाताना यवतेश्वरचा घाट लागतो. सप्टेंबरात फुलं बघायला पुण्यामुंबईची मंडळी त्या घाटाने गाड्या भरभरून जातात. आम्ही बारा महिने जातो, कारण घाटमाथ्यावर हिची थोरली बहीण राहते. दर दुसऱ्या रविवारी अक्कांकडे जेवायला जायचं हा आमच्या संसारातला, बँकेच्या सुट्ट्यांइतकाच पक्का नियम आहे.

जड रोलर टाकल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही घाटाला लागलो. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्याला गाडीचा सूर खाली उतरला. चढावर वेग पडला की इंजिनाच्या फेऱ्या कमी व्हाव्यात, रोलरांनी आत यावं, स्प्रिंगने मागच्या बशा मिटाव्यात आणि गाडीने आपोआप खालच्या गिअरवर यावं, अशी योजना आहे. पण जड रोलर एकदा वर गेले की लवकर खाली येत नाहीत. हे मला आमच्या रीजनल ऑफिसातही दिसलं आहे. इंजिन बिचारं 'घूं... घूं...' करत वरच्याच गिअरवर ओढत राहिलं. तीस, पंचवीस, अठरा. मी कान पूर्ण पिळला होता. मनातल्या मनात मी पुढे वाकूनही पाहिलं.

तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला, "थांबवा. मी उतरते."

"अगं, चढेल."

"चढेल हो. तुम्ही जा पुढं, मी येते."

गाडी बंद पडली नसती, हे मी आजही शपथेवर सांगतो. पण एकट्या माझ्यासह ती तुरुतुरु वर गेली, हेही खरंच. मी वरच्या वळणावर उभा राहिलो. खालून ही येत होती. पदर खोचलेला, खांद्याला पर्स, हातात अक्कांसाठी घेतलेली पेढ्यांची पिशवी. तेवढ्यात एक पोरगा तशाच स्कूटरवरून गेला. त्याच्या मागे एक मुलगी होती, मुलीच्या मांडीवर भली मोठी सॅक होती, तरी तो शीळ घालत गेला. त्याचं अ‍ॅव्हरेज किती असेल, असा विचार माझ्या मनात आला. बी.कॉम.!

पुढच्या फेरीला हिने विचारलंही नाही. तिसरं वळण आलं की माझ्या खांद्यावर दोनदा थापटायची, मी थांबायचो, ही उतरायची. कंडक्टरने घंटी दिली की एस.टी. थांबते तसं. "मला चालायला आवडतं," असं ती म्हणाली होती, आणि मी ते खर्ची टाकून मोकळा झालो होतो. असे चार महिने गेले.

मार्चअखेर आम्ही बँकेत हिशेब मिटवतो, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी घरचे मिटवतो. हिच्या घरखर्चाच्या वहीत एक सदर आहे, 'किरकोळ'. कोणत्याही वहीत 'किरकोळ' फुगायला लागलं की ऑडिटर पेन्सिल खाली ठेवून पेन उचलतो. मी उचललं. जानेवारी, गुडघ्याचं तेल, १८०. फेब्रुवारी, तेल, १८०, पट्टा, २४०. मार्च, तेल, १८०.

मी बेरीज केली. मग सवयीने ताळा केला. ७८०. डायरी काढली. चार महिन्यांत पेट्रोलमध्ये वाचलेले, सुमारे ४००.

ही स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलावं ते सुचेना म्हणून विचारलं, "हे तेल कुठल्या गुडघ्याला?"

"डाव्या," ही म्हणाली. "का? किरकोळमध्ये चालत नाही का?"

त्याच आठवड्यात मी मेकॅनिककडे गेलो आणि म्हणालो, "जड काढा. हलके टाका. हलक्यात हलके." पश्चात्तापात माणसाला प्रमाण कळत नाही.

"दहाचे टाकू?"

"टाका."

काढलेले पंधराचे सहा आणि पूर्वीचे तेराचे सहा, असे बारा रोलर त्याने दोन पुड्यांत बांधून दिले. दुपारी बँकेत सोनेतारणाची गर्दी ओसरल्यावर मी त्या पुड्या आमच्या सोनारकाकांपुढे ठेवल्या. हे गेली वीस वर्षं तारणाचं सोनं तपासतात. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक रोलर उचलून उजेडात धरला, आणि केवळ सवयीने कसोटीच्या दगडाकडे हात नेला.

"वजन फक्त," मी म्हणालो.

जड पुडी भरली ८९.९ ग्रॅम. जुनी पुडी ७६.८.

"तेराचे सहा म्हणजे ७८ हवेत," मी म्हणालो.

"घट आहे," काका म्हणाले. "हे बघा, एका अंगाला चपटे झालेत. हे आता गोल फिरणार नाहीत, घसरणार. दागिना असता तर मी डाग धरला असता." मग त्यांनी कागदावर १५ उणे १३ गुणिले ६ केलं. "नव्या मालात फरक बारा ग्रॅम. म्हणजे तोळाच की हो!"

जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पेढीवर हल्ली दहालाच तोळा म्हणतात. कुठलाही धरा. माझी बायको चार महिने घाट चालली ती एका तोळ्यापायी. आणि सोन्याच्या नव्हे.

त्या दुपारी मी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरचं वर्गमुळाचं बटण नोकरीत पहिल्यांदा दाबलं. रोलरचा जोर त्याच्या वजनावर आणि फेऱ्यांच्या वर्गावर अवलंबून असतो. स्प्रिंग, पट्ट्याचा ताण या भानगडी क्षणभर बाजूला ठेवल्या, तर १३ ग्रॅमचा रोलर मिनिटाला ६००० फेऱ्यांवर जे काम करतो, ते १५ चा साधारण ५६०० वरच करतो, आणि १० च्याला त्यासाठी जवळजवळ ६८५० फेऱ्या लागतात. बस्स. रोलर बदलल्याने इंजिनात रतिभरही ताकद येत नाही. पट्ट्याची पहिली पायरी आणि शेवटची पायरी बशांच्या मापावर ठरते; रोलर फक्त केव्हा चढायचं एवढंच ठरवतात. जडाला घाई असते, हलका रेंगाळतो.

दहाच्या रोलरांचा रेंगाळ आम्ही पुढचे दोन महिने सोसला. गाडी सिग्नलवरून कान धरलेल्या बोकडासारखी सुटे. घाट तर ती हां हां म्हणता चढली. पण पिठाची गिरणी चालू असल्यासारखी ओरडत. मागे बसून ही काहीतरी सांगत होती, ते मला 'घर विकलं' असं ऐकू आलं. वर जाऊन कळलं की तिने 'गॅस मिटलाय ना' असं विचारलं होतं. सपाटीवर पन्नासच्या पुढे वेग वाढेना, नुसता आरडाओरडा वाढे. अ‍ॅव्हरेज आलं ३७. सोसायटीतल्या आजोबांनी मला थांबवून, "सायलेन्सर पडलाय का?" असं सहानुभूतीने विचारलं. एक फायदा मात्र झाला. अक्कांना आम्ही दोन वळणं खाली असतानाच ऐकू येऊ लागलो. त्या आधण ठेवत, आणि आम्ही दारात पोचलो की चहा गाळलेला असे.

तरीही मी रोलर बदलले नसते. मनाशी म्हटलं, ओरडू दे. पण ही म्हणाली, "अहो, डोकं उठतं. गुडघ्यापेक्षा वाईट." तेव्हा तिसऱ्यांदा मेकॅनिककडे गेलो. मला बारा ग्रॅमचे हवे होते. त्याच्याकडे बारा नव्हते.

"तेराचे नवे तीन, अकराचे तीन. एकाआड एक बसवू," तो म्हणाला. "सरासरी बारा. शेजारीशेजारी दोन जड बसवायचे नाहीत, नायतर एकीकडं झुकतंय."

मी समोर बसून बघितलं. जड, हलका, जड, हलका. पंगतीत व्याही आणि घरची माणसं बसवावीत तसे सहाजण गोल बसले. त्याने पट्टाही तपासला, बशा पुसल्या, डबा मिटला. माझ्या कॅल्क्युलेटरने ६२५० चा आकडा दाखवला होता. तो मी मेकॅनिकला सांगितला. तो गाडीकडे बघून "आसंल" म्हणाला.

रविवारी निघालो. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. पहिलं वळण. दुसरं. गाडी ओरडत नव्हती आणि रडतही नव्हती. पोट भरलेल्या माणसासारखी आपल्या नादात चढत होती. तिसरं वळण आलं. खांद्यावर दोनदा थापटलेलं जाणवलं. आरशात पाहिलं तर हिने पर्स खांद्याला लावली होती, पिशवी हातात धरली होती आणि एक पाय पायदानावरून उचललेला होता.

मी थांबलो नाही.

पाय क्षणभर तसाच राहिला. मग तो परत पायदानावर टेकला आणि खांद्यावरचा हात तिथेच राहिला. ही काही बोलली नाही. मीही बोललो नाही. वेगाच्या काट्याकडेही पाहिलं नाही. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, आणि चौथं वळण आपणहून जवळ येत होतं.

घाटमाथ्यावर अक्कांच्या दारात गाडी उभी केली. दार लोटलेलं होतं. चहा नव्हता, आधणही नव्हतं. अक्का हात पुसत बाहेर आल्या, आधी हिच्याकडे, मग माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई! आवाज नाही आला तो? चालत आलात की काय आज?"

ही चपला काढत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही गं अक्का. आज ह्यांनी आणलं."